नितेशचा फोन

— नाही, थे गयातलं कार्ड नको दाखवू मले. कार्डावर कोनाचाही फोटो चिकटवता येते, थेच तर शिकून राहिली न तू? पह्यले तुह्या मामाचं गाव सांग. पातूर? पातुरात कोनाच्या घरचे? शायेच्या मागं वामनराव राह्यतात, त्यायचीच भाची का तू? — पाह्य, हो म्हनते लगेच! मीच नाव घेतलं न तू मान हालवली. बस तिकडं, ओट्याच्या काठाले. सुपाले धक्का लावू नको, हरभरा निवडून राहिली मी.

तं अमरावतीच्या कालेजातून आली. दुसऱ्याचं नाव चोरनाऱ्यायचा अभ्यास म्हने. न त्याचे तुले महिन्याले पैसे भेटतात? चोरायचा अभ्यास करा न वरतून विद्यावेतन घ्या — भलं हाय बाप्पा! पन माह्याच घरी काहून आली? आख्ख्या मूर्तिजापुरात फसलेले लोक का कमी हायेत? आरतीनं पत्ता देल्ला असंन. सून होय माही. नितेश गेल्यावर अकोल्याले माहेरी गेली, तिकडं शायेत शिकवते. तिले वाट्टे, सासूचं डोकं फिरलं. तिनंच धाडलं न तुले? खरं सांग. — हां. मले वाटलंच.

मंग आयक. येडी नाही मी. माहा एकुलता एक नितेश, मागच्या पोयाच्या दुसऱ्या दिशी, करीले गेला — अकोला रोडवर, टरकाखाली. त्याच्या तोंडात तुयस मी ठेवली, ह्या हातानं. न दिवाईच्या आंधी फोन आला. नंबर नवा, पन फोटो नितेशचा, लग्नातला, फेटा बांधलेला. म्हने, आई, मी नितेश बोलतो, सर्दीनं आवाज बसला. मी म्हटलं, मुडद्या, कोन होय तू? माहा नितेश मले आई नोता म्हनत, माय म्हने! असी झापली त्याले — न दुसऱ्या दिशी पुन्हा फोन. म्हने, माय, मी नितेश.

काय? ठेवला काहून नाही? ठेवते म्हने! तू ठेवून दाखव. मी परीक्षा घेतो त्याची, रोज. असा कसा इस्वास ठेवीन मी कोनावर? विचारलं, नितेश होय न तू, मंग आपल्या पांढऱ्या बैलाचं नाव सांग. नुसता खोकलत राह्यला. मीच म्हटलं, अरे सरदार न रे? म्हने, हो माय, सरदारच. विचारलं, तुले भाजी कोनती आवडे? पुन्हा खोकला. मंग आंबाडीची भाजी मीच सांगतली. आता थोच विचारते, माय, आंबाडीची केली का आज, माह्या वाटची ठेवजो. ध्यानात चांगलं ठेवते हो पोट्टं. सरदारचं पानी-पेंड झालं का म्हनूनही विचारते. सरदार तं इकला मी कवाचाच, पन त्याले हो म्हनतो.

त्याले काय पाह्यजे थे समजते मले. गोष्टी झाल्या का म्हनते, माय, तुह्या फोनवर आकडे आले असतीन, थे वाचून दाखव. मी वाचतो. शेवटचा आकडा मुद्दाम चुकीचा वाचतो. मंग थो वैतागते, पन रागवत नाही. म्हनते, जाऊ दे माय, उद्या पाहू. आता तूच सांग, तू शिकेल हाय — बरोबर वाचला तं उद्या फोन कायले करीन थो? ... एवढं बोलाचं नोतं मले. तुहा फोन चालू तं नाही? उलटा काहून ठेवला? दाखव. दाखव म्हनतो न!

न ह्या अभ्यासाचं पुढं काय? पोलिसायले देसान? नंबर बंद करसान? म्हंजे एकडाव टरकानं नेला, आता तुमी नेसान. तुहं कालेजात नाव होईन, आरतीच्या जीवाले बरं वाटीन, न मी संध्याकायी कोनासंग बोलू? चोर हाय थो, हरामखोर हाय, मले माईत नाही का? पन जेवली का म्हनून दुसरं कोन विचारते मले? आठवन येते वं त्याची. लय येते.

थांब. वाजला. हात नको लावू! — हां रे बाबा. जेवली, जेवली मी. आयक, आज आकडे नको मांगू. घरात एक पोरगी येऊन बसली हाय अमरावतीची, तुह्यासारख्यायचाच अभ्यास करते. आज काही बोलू नको, ठेव. नंबर बदलव हा. न उद्या कर फोन. इसरू नको रे.

ऊठ वं. चाल, निंघ, तुही गाडी जाईन. न जातानी फाटक नीट लाव, बिनओयखीचे लोकं शिरतात घरात.