वाऱ्यात टिकलेली फीत

पँटची घडी काखेत धरून नर्सबाई शिंपीणबाईंच्या दुकानात थांबल्या होत्या. पुढे आजींसोबत उभे असलेले आजोबा रंगात आले होते.

"कुणाला खरं वाटणार नाही! डोंगरावर वारा असा, की दगड उडत होते. आमच्यावर तंबू नाही, दोन काठ्यांवर ताणलेली रुमालासारखी हलकी ताडपत्री. पण पोरी, तू शिवलेली एकही फीत सुटली नाही. तुझ्यामुळे ही आज माझ्याशेजारी उभी आहे."

"मग ताडपत्री दुरुस्तीला का आणलीत?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"आभार मानायला आणली गं!"

"आजी हसतायत."

"तिचं काय जातंय हसायला!"

शिंपीणबाईंनी ताडपत्रीचा कोपरा चाचपला.

"आजोबा, इथली फीत तुटलीय. तिच्या जागी ही तर बुटाची नाडी बांधलीय."

"वाऱ्यानं आणली असेल उडवून."

नर्सबाईंना राहवेना.

"कसला वारा! आजींच्या डाव्या बुटाला नाडी कुठंय?"