बाळंतिणीला सांगायचं नाही

ताई : अहो भाऊ, आधी गॅस बारीक करा! खाली लागलाय भात. वॉर्डापर्यंत वास जाईल.

वेल्डर : गेला कामातून. हासुद्धा गेला.

ताई : बघू. हा भात आहे होय? मला वाटलं भिंतीला लावायचा गिलावा. पाणी किती घातलंत?

वेल्डर : अंदाजानं.

ताई : कधी स्वयंपाक केलाय का आयुष्यात?

वेल्डर : वेल्डिंग करतो मी. अख्खं गेट एकटा उभं करतो. पण हे घरी ती बघते ना. डॉक्टर म्हणाले, पोराला बाहेरचं काही द्यायचं नाही, ताजं शिजवून द्या. सिस्टर म्हणाल्या, खाली पालकांचं स्वयंपाकघर आहे, तिथं जा. म्हणून आलो.

ताई : सरका. ते भांडं भिजत घाला. तांदूळ आहेत ना अजून? द्या इकडे. पोराजवळ कोण आहे?

वेल्डर : शेजारच्या कॉटवरच्या मुलीची आजी. मी काही बोललोसुद्धा नव्हतो. म्हातारी आपणहून म्हणाली, जा, मी आहे.

ताई : इथं तसंच असतं. दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही, मग एकदम सगळे घरचे होऊन जातात.

वेल्डर : तुमचं कोण आहे वर?

ताई : आता कुणी नाही. मुलगी होती... असे बघू नका, घरी आहे ती. शाळेत जाते. औषधं बंद झाली तिची, फक्त तपासणीला यायचं. इथल्या चादरी राहिल्या होत्या माझ्याकडे, त्या धुऊन आणल्या.

वेल्डर : म्हणजे सुटलात.

ताई : हं. सगळे असंच म्हणतात. तुमच्या मुलाला काय आहे?

वेल्डर : ते आहे. रक्तातलं.

ताई : भाऊ, तुमचा फोन मघापासून वाजतोय.

वेल्डर : वाजू दे.

ताई : कुणाचा आहे?

वेल्डर : बायकोचा. घेऊन काय सांगू? तिला वाटतंय, ताप उतरत नाही म्हणून ठेवून घेतलंय. बाळंतीण आहे ती. पोटावरचे टाके अजून ओले आहेत. दादा म्हणाला, थोरला भाऊ माझा, की बाळंतिणीला सांगायचं नाही. धसका घेईल, दूध आटेल.

ताई : आणि दादा कुठं आहेत?

वेल्डर : आला होता पहिल्या दिवशी. मोसंबी घेऊन. आता फोन उचलत नाही.

ताई : आमच्याकडेही मोसंबी पुष्कळ आली. माझी सख्खी नणंद जिन्यात भेटली की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. वाईट नाहीत हो माणसं. काय बोलावं कळत नाही, मग येणंच बंद करतात.

वेल्डर : दादा तसा नव्हता.

ताई : नसेल. बायको फोनवर काय विचारते?

वेल्डर : ताप किती आहे. मी काहीतरी आकडा सांगतो. मग ती म्हणते, पट्ट्या ठेवा, पांघरूण जास्त घालू नका. बाळाबरोबर फोटो काढायला त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय म्हणे.

ताई : पुढं त्याचे केस जातील. तोंड आलं की पाणीसुद्धा नको म्हणेल. तेव्हा काय सांगणार, ताप आहे?

वेल्डर : दूध आटलं तर?

ताई : तर वरचं द्या. वाढेल ते बाळ. पण हे तिला शेजारणीच्या तोंडून कळलं ना, तर तुम्ही तिच्या मनातून उतरलात म्हणून समजा.

वेल्डर : ताई, तो शब्दच तोंडातून निघत नाही माझ्या. तुमच्यासमोरसुद्धा निघाला नाही.

ताई : ऐकलं मी. माझ्याही तोंडातून निघत नव्हता. याच ओट्यापाशी एकीनं माझा फोन माझ्या हातात दिला होता. मी भात बघते. तुम्ही खिडकीशी जा. आधी विचारा, जवळ कोण आहे. मग आडवळणं न घेता नाव सांगा.

(तो फोन लावतो. घाईत बोट लागून स्पीकर सुरू होतो. तो बंद करायचं दोघांनाही सुचत नाही.)

बायको : अहो, किती वेळा करायचा फोन? होतात कुठं?

वेल्डर : भात लावत होतो.

बायको : तुम्ही? अगं बाई! जमला का?

वेल्डर : करपला. ऐक, तुझी आई आहे का जवळ?

बायको : आहे की, बाळाला घेऊन बसलीय. का हो?

वेल्डर : त्याचा नुसता ताप नाहीये. मी खोटं सांगत होतो तुला. कॅन्सर आहे त्याला. रक्ताचा. औषधं सुरू झालीत. बरा होऊ शकतो म्हणतात डॉक्टर, पण वेळ लागेल. पुष्कळ वेळ. ऐकतेयस ना? बोल काहीतरी. शिव्या दे.

बायको : सकाळी शेजारीण आली होती. मी हसत हसत तिला सांगत होते, यांना पोराचा साधा ताप सांभाळता येत नाही.

वेल्डर : चुकलं माझं.

बायको : त्याला कळलंय?

वेल्डर : विचारत होता, आजार कुठं असतो. म्हटलं रक्तात. तर म्हणतो, मग रक्त काढा, धुवा आणि परत घाला.

बायको : असंच बोलणार तो. हसताय का तुम्ही?

वेल्डर : नाही गं.

बायको : मग मला जरा रडू द्या. फोन ठेवू नका.

वेल्डर : नाही ठेवत.

बायको : आई, काही नाही, तू बाळाकडे बघ. सांगते तुला. अहो?

वेल्डर : आहे.

बायको : यापुढं मला खरं ते सांगायचं. डॉक्टर जे बोलतील ते, जसंच्या तसं. आणि संध्याकाळी त्याच्याकडे फोन द्या. मी नीट बोलेन.

वेल्डर : तुझे टाके...

बायको : टाके माझे आहेत, मी बघते. भात मऊ करा. घशाखाली उतरेल असा.

वेल्डर : करतो.

ताई : या, बसा इथं. पाणी घ्या आधी.

वेल्डर : उंच पत्र्यावर चढून काम करतो मी. एवढी भीती कधी वाटली नाही.

ताई : वाटू दे. वर जायच्या आधी तोंड धुवा म्हणजे झालं. पोरं लगेच ओळखतात.

वेल्डर : ताई, एक विचारू? चादरी तर तुम्हाला दारावरच्या माणसाकडे देऊन जाता आल्या असत्या.

ताई : आल्या असत्या.

वेल्डर : मग?

ताई : घरी माणसं आहेत भरपूर. पण त्यांच्या लेखी विषय संपला. नवरा म्हणतो, झालं ना आता, किती दिवस तेच उगाळणार. बरोबर आहे त्याचं, त्यानंही खूप सोसलंय. पण मी येता-जाता तिच्या कपाळाला हात लावते. परवा तिनं आतून कडी घालून घेतली. म्हणाली, आई, मला सारखी बघू नकोस. औषधं चालू होती तेव्हा हाताला काम तरी होतं. आता नुसतं बघायचं, आणि तेही बघू नकोस म्हणते.

वेल्डर : मला यातलं काही कळत नाही अजून.

ताई : इतक्यात कळायचीही गरज नाही. मी आपली बोलले. इथं बोलायची सवय झालीय.

वेल्डर : तपासणी कधी असते तिची?

ताई : उद्या सकाळी. तिला आत घेतात आणि मी बाहेर बाकावर. नवऱ्याला रजा मिळत नाही. मिळाली तरी म्हणेल, तपासणी तर आहे नुसती. लोक येतात, जातात, आणि मी त्या दाराच्या मुठीकडे बघत बसते. जाऊ दे. घ्या, झाला तुमचा भात. चांगला मऊ झालाय. झाकण लगेच काढू नका, थोडा वाफेवर राहू दे.

वेल्डर : ताई.

ताई : आता काय?

वेल्डर : तो बाक कुठल्या मजल्यावर आहे?