मागच्या सीटचा वारा

मुलगा: नाही, हे वायपर नाहीत. मघाशी वायपर इथेच होते.

सून: तुम्ही दाबलंत काय?

मुलगा: तेच तर कळत नाहीये. मी काच पुसायला गेलो आणि माझी सीट तापायला लागली. बसवत नाहीये मला.

सून: आठवडा झाला गाडी घेऊन. शोरूममधल्या त्या मुलीने सगळं समजावून सांगितलं होतं. तुम्ही मान डोलवत होतात.

मुलगा: मान डोलवणार नाही तर काय करणार? ती भराभर सांगत होती. इथे बोट फिरवलं की छत उघडतं, तिथे फिरवलं की आतले दिवे जांभळे होतात. सगळं डोक्यावरून गेलं. आता हे घे, एवढा लांबलचक पडदा, आणि त्यावर एक साधी काच पुसायची खूण सापडू नये?

सून: दिवसभर लोकांचे डोळे तपासता, चष्मे विकता. बाहेर कुणाला सांगू नका हे.

गाडी: आपण थकलेले दिसता. कृपया थोडी विश्रांती घ्यावी.

मुलगा: ऐकलंस? आपली गल्ली संपली नाही अजून, आणि मी थकलेला दिसतो!

सून: त्यात तिचं काही चुकलं नाही. रात्रभर कूस बदलत होतात.

आई: काय म्हणाली रे ती?

मुलगा: काही नाही, आई!

आई: काय?

मुलगा: काही नाही म्हटलं! गाडीचं आहे काहीतरी!

आई: ओरडतोस कशाला? मला कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं म्हणून विचारलं. तुझ्या ताईला फोन केलास का निघालो म्हणून?

मुलगा: केला, केला!

आई: केलास की नाही?

सून: केला, आई! त्या वाट बघतायत!

आई: बरं. पंधरा दिवसांचेच कपडे घेतलेत मी. उगाच जास्त ओझं नको म्हटलं.

सून: ऐकलंत?

मुलगा: ऐकलं.

सून: मग सांगणार कधी आहात?

मुलगा: सांगतो ना. जरा मोकळा रस्ता लागू दे. इथे सगळीकडून रिक्षा घुसतायत, आणि ही गाडी प्रत्येक रिक्षाला घाबरून किंचाळते.

सून: काल जेवण झाल्यावर सांगणार होतात. मग म्हणालात, सकाळी. सकाळी म्हणालात, गाडीत निवांत सांगतो. ताईंच्या दारात गाडी उभी राहिली की मग काय म्हणणार आहात?

मुलगा: हळू बोल.

सून: हळू कशाला? कानाचं मशीन त्यांच्या पर्समध्ये आहे. कानात घातलं तरी नुसती शिट्टीच वाजते त्यात.

आई: अरे, अरे! कोण आहे मागे?

मुलगा: काय झालं आई?

आई: माझ्या पाठीत कुणीतरी गुद्दे मारतंय! खालून वर, खालून वर चाललंय!

मुलगा: ते मालिश आहे, आई! सीटचं मालिश! थांब, बंद करतो! म्हणजे, बंद करायचं कुठून... हिलाच विचारतो. अगं ए, मागचं मालिश बंद कर.

गाडी: माफ करा, मला समजलं नाही. आपल्याला जवळचं मालिश केंद्र शोधून देऊ का?

सून: नवऱ्याने गाडी घेतली, गाडीने बायकोची करमणूक केली.

मुलगा: तुला हसू येतंय! आई, थांबलं का?

आई: थांबलं. चांगलं होतं तसं, पण आधी सांगून मारायला हवं होतं. अरे, इथे मागे गुदमरतंय मला. काच उघडता येत नाहीये. कडी कुठे आहे?

मुलगा: कडी नसते यात! काच नको उघडूस, धूळ येईल! मी वारा सोडतो मागे!

गाडी: आपल्याला हवामानाचा अंदाज ऐकायचा आहे का?

मुलगा: गप्प बस बाई तू आधी. ही गप्प कशी करतात? हां, हे तोंडावर फुली मारलेलं. झाली गप्प. आता वारा. बघ गं तूच, मला समोर बघू दे.

सून: पंख्याचं चित्र आहे, पण ते पुढचं दिसतंय. इथे खुर्ची आहे. इथे पानं आहेत कसली तरी.

मुलगा: पानं म्हणजे सुगंध. ते नको, काल डोकं उठलं होतं माझं.

सून: हे बघा. दोन डोकी आहेत, एक पुढे आणि एक मागे. आणि मध्ये लाटा लाटा.

मुलगा: तेच ते! लाटा म्हणजे वारा. पुढून मागे जाणारा. दाब.

सून: दाबलं. टिंग झालं.

मुलगा: आई, आता बरं वाटतंय का?

आई: अगोबाई!

मुलगा: काय गं?

आई: काही नाही. बरं आहे आता. छान आहे.

मुलगा: बघ. इतकं काही अवघड नाही. सवय व्हावी लागते फक्त.

सून: हो. गाडीचं जमलं. आता आईंचं बघा.

मुलगा: सांगणारच आहे मी. पण कसं सांगू, ते सांग ना. आई, तू आता ताईकडेच राहायचं, असं? मागे वळून, ओरडून? तिला काही सांगायचं म्हणजे शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडावं लागतं. असली गोष्ट ओरडून सांगता येते का?

सून: मग कागदावर लिहून द्या. पण द्या.

मुलगा: मी काय म्हणतो, पंधरा दिवस म्हणून सांगितलंय ना, तर राहू दे पंधरा दिवस. मग आणखी पंधरा दिवस. तेवढ्यात तिला करमायला लागेल तिकडे. खालची खोली ताईने रंगवून घेतलीय. तिचं कपाट पुढच्या आठवड्यात टेम्पोने पाठवून देऊ.

सून: आणि कपाट दारात उतरलं की त्यांना काय वाटेल?

मुलगा: तोवर ताई सांगेल काहीतरी.

सून: वा. म्हणजे तुम्ही अंग काढून घेणार. मला नाही हे पटत. त्यांनी आपल्याकडे राहू नये असं मला वाटतंय, ते मी तुम्हाला तोंडावर सांगितलं. वर्गात शिकवताना फोन वाजला की मी खडू टाकून बाहेर धावते. दोनदा गॅस तसाच चालू होता. त्या आत पडल्या तर बेल ऐकू येणार नाही, फोन ऐकू येणार नाही. ताई दिवसभर घरी असतात. यात लपवण्यासारखं काय आहे? पण फसवून नेऊन ठेवायचं, हे मला नको. उद्या सगळे म्हणतील सुनेने काढलं.

मुलगा: कुणी म्हणणार नाही.

सून: सगळे म्हणतील. आणि तुम्ही तेव्हाही मान डोलवाल.

मुलगा: आता हे बघ, हे स्टिअरिंग आपोआप डावीकडे ओढतंय मला.

सून: पट्टी सोडून चाललात, म्हणून ओढतंय. विषय बदलू नका.

मुलगा: बदलत नाहीये. तुला खरं सांगू? गॅस वगैरे ठीक आहे, त्यावर काहीतरी उपाय निघाला असता. मीच थकलोय. दुकानातून आलो की ती विचारते, आज काय झालं. मी सांगतो. ती म्हणते, काय? मी परत सांगतो. ती परत म्हणते, काय? आणि तिसऱ्यांदा मी म्हणतो, काही नाही. रोज. तिला दिवसभरात मी सगळ्यात जास्त वेळा काय म्हणत असेन? काही नाही. तिलाही कळतं ते. आता ती फार विचारतही नाही. जेवताना नुसती आपल्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसते, इकडून तिकडे. मला ते बघवत नाही गं.

सून: मग हे सांगा ना त्यांना. कपाटाचं सांगण्याआधी हे सांगा.

मुलगा: हे तर मुळीच सांगता येणार नाही.

सून: किती शांत आहेत मागे. बराच वेळ झाला, एकदाही ‘काय?’ म्हणाल्या नाहीत.

मुलगा: झोपली असेल. मऊ सीट आहे, डोळा लागला असेल.

सून: मग वारा कमी करा. सर्दी लगेच होते त्यांना.

आई: वारा अजून आलेलाच नाही.



मुलगा: आई? काय म्हणालीस?

आई: वारा आला नाही म्हटलं. ऐकू मात्र येतंय.

मुलगा: काय ऐकू येतंय?

आई: सगळं. तू माझ्या उशाशी बसून बोलावंस तसं. इथे डोक्यामागे मऊ उशी आहे ना, तिच्यातून येतंय.

सून: अहो. ती दोन डोकी. त्या लाटा.

मुलगा: आवाज! तो वारा नव्हता, आवाज होता! आपला आवाज मागे जातोय. अरे देवा. हे बंद कसं करायचं? कुठे गेलं ते चित्र?

आई: बंद केलंस तर बघ.

मुलगा: नाही करत. आई, तू... कुठपासून?

आई: मालिश झाल्यानंतरचं सगळं. आधी मला वाटलं, माझे कानच उघडले. इतका आनंद झाला रे! म्हटलं, लगेच सांगायचं नाही, आधी खात्री करून घ्यावी. म्हणून गप्प बसले आणि ऐकत राहिले. तर तू कपाटाचा विषय काढलास.

सून: आई, मी तुमच्याबद्दल जे बोलले...

आई: तू सरळ बोललीस. तुझा राग नाही मला. आला होता आधी, पण तू लिहून द्या म्हणालीस तेव्हा गेला. आणि गॅसचं म्हणशील तर दोनदा नाही, तीनदा. एक करपलेलं भांडं मी घासून मागे लपवलंय. तुला अजून सापडलं नाही.

सून: दुधाचं? ते मी कधीची शोधतेय!

मुलगा: आई, मी गाडी वळवतो. आपण घरी जाऊ. मी चुकलो, मला वाटलं होतं की...

आई: वळवू नकोस. वळायचं बटण सापडेपर्यंत ताईचं घर येईल.

मुलगा: थट्टा करतेस?

आई: मग काय करू? रडू? रडले असते, पण तुझं ते ऐकलं. काही नाहीचं. मला वाटायचं, घरात बोलणंच कमी झालंय. तुमची तोंडं हलताना दिसायची, म्हणून विचारायचे, तर काही नाही. म्हटलं, असेल, खरंच काही नसेल. आज कळलं, तुम्ही किती बोलता. बाप रे! श्वास घेत नाही दोघं.

मुलगा: आई, मी तुला ते मशीन...

आई: तुझ्या दुकानाला लागूनच तो मशीनवाला आहे. दोन वर्षं झाली, नवीन आणू म्हणतोयस. एवढी मोठी गाडी आणलीस, पण भिंतीपलीकडे जायला झालं नाही तुला. हे मला लागलं. कपाटापेक्षा जास्त लागलं.

मुलगा: हो.

आई: हो काय? नीट ऐक आता. मी ताईकडे जाणार. तू मला पंधरा दिवस सांगितलेस ना? मग पंधरा दिवस. ते झाले की तू स्वतः न्यायला यायचं, याच गाडीतून. कपाट जागचं हलवायचं नाही. त्याआधी मशीन. मग घरी बसून गॅसचं, बेलचं, राहायचं काय ते ठरवू. माझं तिकडे जायचं ठरलं तर जाईन मी, हट्ट नाही माझा. पण मला ऐकू आल्यावर ठरवायचं. चालेल का गं?

सून: चालेल, आई.

आई: तुला रे?

मुलगा: चालेल.

आई: मान डोलवू नकोस, मागून दिसते मला.

मुलगा: चालेल म्हटलं, आई. येईन मी न्यायला.

आई: किती वेळ आहे अजून?

सून: अर्धा तास असेल.

आई: बराच आहे की. मग बोला.

मुलगा: काय बोलू?

आई: काहीही. शाळेतलं, दुकानातलं. मघाशी निघाल्या निघाल्या कशावरून तरी भांडताना दिसत होतात, ते अर्धवट राहिलंय. मला मुद्दाम काही सांगू नका. घरातल्यासारखं आपापसात बोला. मी मागे नाही असं समजा.

मुलगा: असं कसं जमेल आता, आई?

आई: इतकी वर्षं जमलं.

सून: अहो, काच पुसा समोरची. काही दिसत नाहीये.

मुलगा: पुसतो. हे दाबू?

सून: ते दोन डोक्यांचं सोडून दुसरं काहीही दाबा.