दोरी पेटली

ओडेन्सच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर इंग्लिश जावई आणि डॅनिश सासू, नटूनथटून चर्चला निघालेली.

"नातीचं नाव आत्ताच सांगा, जावईबापू."

"बाप्तिस्म्याआधी नाव फोडायचं नाही, ही पद्धत तुमचीच ना, सासूबाई?"

"मग ओळखते. काहीच माहीत नसताना अंदाज करायचा तर तुमच्यात काय म्हणतात?"

"अंधारात सुरा भोसकणं."

"बाई गं! आम्ही धुक्यात गोळी झाडतो. झाडू?"

"झाडा."

"इंगेबोर्ग?"

"थंड! म्हणजे उत्तर लांब आहे. जवळ आलात की गरम म्हणेन."

"जवळ आलं की आम्ही म्हणतो, दोरी पेटली. टिल्डे?"

"बर्फ!"

"सोल्वाई?"

"उत्तर ध्रुव!"

"हरले. आता काय, आस्ता म्हणू? माझं म्हातारीचं नाव कोण ठेवतंय म्हणा!"

"चला, उतरू या."

"चर्च अजून दोन स्टॉप पुढे आहे!"

"मग चालत जाऊ."

"जावईबापू, दोरी पेटली?"

"तुमची मुलगी मला जिवंत सोडणार नाही."

"सोडेल, सोडेल. थांबा, चर्चमध्ये दचकायची तालीम करते. अय्या! माझं नाव? जमलं?"

"झकास. फक्त आधी डोळे पुसा."