बाईंच्या हातातलं बाळ

दवाखान्यात रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून होत्या. सुनेच्या खांद्यावर तापाने फणफणलेली मुलगी. खिडकीबाहेर डॉक्टरबाईंचा नवा पुतळा.

"आई, किती मायाळू चेहरा केलाय ना बाईंचा!"

"मायाळू? उभं आयुष्य नर्स म्हणून त्यांच्या हाताखाली काढलं मी. त्यांना बघून भलेभले चळचळा कापायचे. आणि हातात बाळ कुणी दिलं?"

"बाईमाणूस डॉक्टर म्हणजे..."

"म्हणजे बाळंतपणंच का? या शहराची आरोग्य अधिकारी झालेली पहिली बाई ती! काठीने गटारं ढवळून डासांच्या अळ्या शोधायच्या. नगराध्यक्षाच्या घरची टाकीसुद्धा फोडायला लावली होती त्यांनी!"

"हळू बोला, लोक बघताहेत."

"बघू देत! पुतळ्याच्या चौथऱ्याने गटाराचं तोंड बुजवलंय. तेव्हापासून पाणी तुंबलंय, आणि आता ही अर्धी रांग तापाची. त्यात आपली चिमणीही. माझी काठी दे इकडे."

"अहो, आपला नंबर येईल!"

"तू ने तिला आत. बाईंचे डोळे त्या बाळावर खिळवून ठेवलेत मेल्यांनी. गटाराकडे आता मलाच बघायला हवं."