सासूबाईच्या जोडव्यात अडकलेला टाय

हसा, हसा तुम्ही! तुमच्या गळ्यात नव्हता ना तो! तुम्हाले दात काढाले सुचते... मले एवढंच सांगा, तुम्ही असते तर भेले नसते काय?

टाय हो! जुना, हातानं विणलेला, लोकरीचा! घाटंजीच्या माझ्या सासूबाईनं, शकुबाईनं, सासऱ्यासाठी लग्नाच्या वेळी विणलेला. तपकिरी रंग, खालून टोक नाही, सरळ बंद केलेला, अन् गाठ मारली की कशी गुबगुबीत बसते! तुम्हाले सांगतो, तो गुळगुळीत चमकणारा टाय घातला की माणूस विमा विकाले आला असं वाटते. अन् हा घातला की... कसं सांगू, यायच्या घरी चार पुस्तकं असतील असं वाटते! सासुरवाडीच्या पेटीत दिसला अन् जीवच जडला माझा.

बायको म्हणे, "आईले विचारा पह्यले." कसा विचारू? त्या बाईले मी 'पाणी द्या' म्हणाले भेतो! घातला चुपचाप अन् गेलतो साळ्याच्या रिसेप्शनले. मे महिना, यवतमाळ, कूलर गरम हवा फेकून राह्यले, गळ्यात लोकर... पण ऐट पाहा ना! शेजारचे रामराव म्हणे, "काहून हो, प्रोफेसर झाले काय?" झालो ना मी खुश! अन् तेवढ्यात समोर सासूबाई! टाय दिसू नाही म्हणून झटकन वाकलो नमस्काराले. आता वाकलं की टाय लोंबनच ना! खालचा धागा बसला अडकून त्यायच्या जोडव्यात...

"सुखी राहा," म्हणे, अन् चालाले लागल्या. सर्र... सर्र... टाय उसवाले लागला हो! त्या पाऊल टाकत, इकडं टाय बोटभर कमी! थांबवू तरी कसं? 'सासूबाई, जरा पाय द्या' म्हणू? त्या जेवणाच्या टेबलाकडं, मी मागं. त्या विहीणबाईकडं, मी मागं. विहीणबाई म्हणे, "भारी जीव आहे हो जावयाचा सासूवर!" अन् इथं टाय बेंबीपासून छातीवर आलता! तुम्ही असते तर भेले नसते काय?

अन् सासूबाई वळल्या. पायाकडं पाह्यलं, धाग्याकडं पाह्यलं, मंग धागा धरून धरून नजर वर, वर, माझ्या गळ्यापर्यंत... जोडव्यातून धागा सोडवला अन् उभ्या उभ्या गोळा कराले लागल्या. मी समोर खांबासारखा, त्या गुंडाळून राह्यल्या, पार गाठीपर्यंत. "काढा ते," म्हणे. काढलं.

तेवढ्यात सासऱ्यानं, सदाशिवरावनं, मले मंडपामागं ओढलं. म्हटलं, आता मार पडते. तर त्या माणसाच्या डोळ्यात पाणी! "वाचवलं जावईबापू! दर लग्नाच्या वाढदिवसाले घालावा लागे. टोचते हो तो! गळा लालबुंद होते. पण तिले सांगन कोण? मीबी भेतो!" अन् दोघं एकमेकायच्या गळ्यात पडून रडलो ना!

मागून सासूबाई. "रडू नका," म्हणे. "तुम्हा दोघायले एवढा आवडे, हे मले मालूमच नव्हतं. आता दोन विणते. सारखे. पोपटी."

झालं! पुढच्या आठवड्यात त्यायच्या लग्नाचा वाढदिवस, मले मापाले बोलावलं आहे, चाललो. मी घालीन हो पोपटी... पण सासरे माझा फोनच उचलून नाही राह्यले!