हळदीच्या वावरातला सेटअप

आमच्या डोंगरकडा गावच्या कोडिंग क्लासातली पोरं मोबाइलवर प्रोग्राम काहून लिहितात, असं विचारता ना? चहा संपायच्या आत सांगतो.

माझा हट्ट होता, सॉफ्टवेअर टाकायचं ते क्लासातल्या कॉम्प्युटरवरच. मोबाइलवर कोडिंग म्हणजे निव्वळ पोरखेळ! पण हळदीचा हंगाम आला अन् प्रतिभा यायची बंद झाली. क्लासातली सगळ्यात हुशार पोरगी. चिडून मी तिच्या वावरात गेलो.

उन्हं कलली होती. शिजवलेली हळद ताडपत्रीवर पार बांधापर्यंत वाळत घातलेली. हवासुद्धा पिवळी दिसत होती, झोपेत चालत आल्यासारखं वाटलं मला. मधोमध प्रतिभा मोबाइल घेऊन बसलेली.

"सर, प्रोग्राम ब्राउजरमधी बराबर चालून राहिला," ती म्हणाली. "मोबाइलमधी काहीच टाकावं लागत न्हाई."

स्क्रीनवर तिच्या आईचं नाव ओळीमागून ओळ उमटत होतं. हळद खालीवर करणारी आई जवळ आली, हातातलं दाताळं टेकवून वाकली अन् बराच वेळ बघत राहिली.

"माझं नाव हाय हे. तू सांगशील ते करतं का?"

"व्हय, सगळं करतं."

"मग सांग त्याला, हळद हालव म्हणावं."

"आई, त्याला हात न्हाईत."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "सरांना तर हायेत की." अन् दाताळं माझ्या हातात दिलं.

क्लासाचा सेटअप तिथंच ठरला. पोरांनी वावरात बसून मोबाइलवर प्रोग्राम लिहायचा अन् सरांनी हळद हलवायची.